नळातून येणारा दगड

कारागिराने गिझरचे नट सोडवून कॉईल बाहेर ओढली, तेव्हा ती कॉईल आहे हे ओळखूही येईना. बोटाएवढ्या धातूच्या नळीभोवती मनगटाएवढा पांढुरका, पोपडे धरलेला दगड साचला होता. टाकीखाली बादली धरताच आतून चुनखडीच्या कपच्या खळखळत खाली आल्या आणि बादलीचा तळ झाकून वर चार बोटे थर चढला. कॉईलचे वेष्टण एका जागी उभे चिरले होते. 'बोअरचं पाणी आहे, साहेब. दोन वर्षं टिकली म्हणजे पुष्कळ झालं,' असे म्हणून त्याने नवी कॉईल बसवली, पैसे घेतले आणि तो त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बिघाडाकडे वळला. हे दृश्य वाघोलीत पाहा, उंड्रीत पाहा, पिसोळीत, सूसला, महाळुंग्याला पाहा. गृहसंस्थेचे नाव तेवढे बदलते, बादलीतला दगड तोच असतो.

त्या कारागिराच्या 'पुष्कळ झालं' या दोन शब्दांत पुण्याभोवती वसलेल्या एका संपूर्ण नागर समाजाची शरणागती सामावलेली आहे. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ओतून ज्याने घर घेतले, मिळकतकराचे बिल आले की जो मुदतीआधी रांगेत उभा राहतो, त्या नागरिकाने नळातून पाण्याबरोबर दगड येणे हा निसर्गनियम मानावा, गिझर दोन वर्षांत जळणे ही रूढी मानावी आणि त्यापायी होणारा खर्च नशिबाच्या खात्यावर टाकावा, इतका तो वाकवला गेला आहे. निसर्गनियमाला अपराधी नसतो. या दगडाला आहे.

पाण्याच्या या दोषाला शाळेतल्या पुस्तकाने 'दुष्फेन' असे नेमके नाव दिले आहे, आणि घरातली बाई त्याला 'जड पाणी' म्हणते. आभाळातून उतरणारे पाणी मृदू असते. मातीतून झिरपताना ते कर्बवायू शोषून किंचित आम्ल होते, आणि महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्यावर उभा आहे त्या काळ्या बसाल्टच्या भेगांतून वर्षानुवर्षे मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून पोटात घेते. जितके खोल आणि जितके जुने पाणी, सामान्यतः तितका हा भार जास्त. असे पाणी तापवले की विरघळलेले बायकार्बोनेट फुटते, कर्बवायू निघून जातो आणि उरलेला चुना तापलेल्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. म्हणजे ज्या यंत्राचे काम पाणी तापवणे, त्याच यंत्राच्या हृदयावर हा घाव बसतो. या प्रक्रियेत गूढ असे काही नाही. ती मोजता येते, आधी सांगता येते, टाळता येते.

मोजूनच पाहू. पेयजलाच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार, पाण्याची एकूण कठीणता, म्हणजे हाच विरघळलेला भार, दर लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि पर्यायी स्रोतच नसेल तेव्हा ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. ही कमाल मर्यादा गाठणारे पाणी विहिरीवरून दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये भरले, तर त्या एका टँकरमधून सहा किलो दगड सोसायटीच्या टाकीत उतरतो. रोज वीस टँकर मागवणाऱ्या गृहसंकुलात दिवसाला एक क्विंटलहून अधिक दगड येतो. चार माणसांच्या कुटुंबाने माणशी १३५ लिटरच्या शहरी निकषाप्रमाणे पाणी वापरले, तर वर्षाकाठी सुमारे ११८ किलो क्षार त्यांच्या नळांतून वाहून जातात. त्यातला बराचसा मोरीवाटे निघून जातो, हे खरे. पण जो राहतो, तो घर पोखरतो.

तो कसा पोखरतो हे प्रत्येक गृहिणीला पाठ आहे, फक्त तिला कोणी विचारलेले नाही. गिझरच्या कॉईलवर पुटे चढतात, आतल्या तारेची उष्णता पाण्यात उतरेनाशी होते, तार आतल्या आत तापत जाते आणि एके सकाळी वेष्टण फुटून पाण्यात वीज उतरते. तेव्हा स्नानगृह आणि अपघात यांच्यामध्ये फक्त एक चांगले अर्थिंग आणि एक सुरक्षा-स्विच उभा असतो, आणि तो प्रत्येक घरात असतोच असे नाही. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी घेणाऱ्या झडपेच्या जाळीत कण अडकतात, त्याच्या हीटरची गत गिझरसारखीच होते, आणि साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होऊन तो कपड्यांच्या धाग्यांत बसतो. पांढरा शर्ट राखाडी पडतो, टॉवेल पापडासारखा कडक होतो. वाफेच्या इस्त्रीची भोके बुजतात. शॉवरच्या निम्म्या छिद्रांतून धार येते, निम्मी मुकी होतात. स्टीलचा नळ महिन्याभरात पांढऱ्या डागांनी माखतो आणि लिंबाची फोड घासून घासून हाताची साल निघते. कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही तुरीची डाळ कणीदार राहते, मग चिमूटभर सोडा टाकावा लागतो. स्वयंपाकाच्या गॅसपासून साबणाच्या वडीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू जास्त लागते आणि प्रत्येक यंत्र लवकर मरते. हा एक कर आहे. त्याची पावती मात्र कोणी देत नाही.

आणि या कराचा सर्वांत संतापजनक हप्ता गच्चीवर बसलेला आहे. सौर ऊर्जेचा गौरव करीत शासनाने इमारतींवर सौर बंब बसवण्याचा आग्रह धरला, पुणे महापालिकेने त्यासाठी मिळकतकरात सवलत ठेवली, नागरिकांनी कर्तव्य म्हणून तो बसवला. पण त्या बंबात कोणते पाणी जाणार याची चौकशी करण्याची बुद्धी त्या आग्रहाला सुचली नाही. काचेच्या नळ्यांत चुना साचतो, तांब्याच्या बारीक वाहिन्या तुंबतात, कोमट पाणी येऊ लागते, आणि पर्यावरणाच्या नावाने उभी केलेली यंत्रणा गच्चीवर धूळ खात असताना खाली पुन्हा विजेचे गिझर पेटतात. एका हाताने सूर्य दाखवायचा आणि दुसऱ्या हाताने नळी बुजवायची, याला धोरण म्हणत नाहीत.

'पण भूगर्भच तसा आहे, त्याला कोण काय करणार?' असे उत्तर पालिकेच्या कार्यालयात मिळते. या उत्तराइतके असत्य उत्तर दुसरे नाही. मानकातले ते कलम पुन्हा वाचावे: ६०० ची सूट 'पर्यायी स्रोत नसेल तर' आहे. पुण्याला पर्यायी स्रोत नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करील? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे सह्याद्रीच्या माथ्यावरचे पावसाचे पाणी अडवतात. ते पाणी मृदू आहे, त्यात साबणाला फेस येतो, डाळ शिजते आणि शहराच्या पेठांत आजही पंधरा पंधरा वर्षांचे गिझर निमूटपणे चालतात. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी उताराच्या बळावर बांधीव नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. ना पंप होता, ना वीज. एकविसाव्या शतकात, महापालिकेच्याच हद्दीत, धरणाच्या भिंतीपासून काही मैलांवर राहणारा करदाता बोअरचे पाणी पितो. २०१७ मध्ये अकरा गावे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस आली. हद्द वाढवण्याच्या अधिसूचनेला एक दिवस पुरला. नळ वाढवायला वर्षे पुरेनात.

या दिरंगाईला जर केवळ आळस कारणीभूत असता, तर आम्ही एवढे शब्द खर्च केले नसते. येथे लेखी, शिक्क्यानिशी चालणारे ढोंग आहे. ज्या भागात महापालिकेचे पाणी पोहोचत नाही, तेथे इमारतीला परवानगी देताना विकासकाकडून हमीपत्र लिहून घेतले जाते की, पालिकेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी त्याची. त्या हमीपत्रावर परवानगी मिळते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते, सदनिका विकल्या जातात, सोसायटी स्थापन होते, आणि ज्या दिवशी कारभार रहिवाशांच्या हाती जातो त्या दिवशी ते हमीपत्र पालिकेच्या फायलीत चिरनिद्रा घेते. टँकरचे बिल दुसऱ्या महिन्यापासून देखभाल शुल्कात चढते. ज्याने वचन दिले तो पुढच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत तरणतलावाचे चित्र छापतो; ज्याने वचन घेतले तो त्याच्या पुढच्या नकाशावर सही करतो; आणि ज्याच्यासाठी वचन घेतले, तो बादलीतल्या कपच्या मोजतो. पाळले न गेलेले वचन लिहून घेणारा अधिकारी त्या वचनभंगातला भागीदार आहे.

मग नागरिक एकट्याने लढू पाहतो, आणि येथे लुटीचा दुसरा अंक सुरू होतो. नवे यंत्र घेताना मिळालेले हमीपत्र उघडून पाहावे: क्षार बसल्याने झालेला बिघाड अनेक ठिकाणी हमीबाहेर ठेवलेला सापडेल. गिझरवर ऊर्जाबचतीचे तारे मिरवतात, पण ते तारे टाकीतून बाहेर निसटणाऱ्या उष्णतेवरून ठरतात; दुष्फेन पाण्यात त्या यंत्राची दोन वर्षांनी काय दशा होईल, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही. म्हणून सोसायटी लाखो रुपये मोजून सॉफ्टनर बसवते. त्या यंत्रातले रेझीन पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्याऐवजी सोडियम सोडते. ते थकले की पोत्यांनी मीठ ओतून पुन्हा सजीव करावे लागते, आणि तो खारट निचरा गटारात जातो. आपल्याकडची मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे विरघळलेले मीठ काढू शकत नाहीत, त्यामुळे ते पुढे मुळा-मुठेत उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी आरओ बसतो. तो एक लिटर गोड पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत फेकतो, ते सुद्धा पैसे मोजून आणलेल्या टँकरचे. हजार घरे हजार वेळा, महाग आणि नदीनाशक पद्धतीने जे काम करतात, ते शहराने एकदाच, एका ठिकाणी, स्वस्तात करायचे असते. महापालिका नावाची संस्था मुळात त्यासाठीच जन्माला आली.

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने इतिहासाचे पान उलटावे. चुन्याची निवळी घालून पाण्यातला चुनाच बाहेर काढण्याची रीत थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनज्ञाने १८४१ साली शोधली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर तेव्हा हयात होते. नेदरलँड्समध्ये पाणीपुरवठा कंपन्या कित्येक दशके शुद्धीकरण केंद्रातच पाणी मृदू करीत आल्या आहेत, म्हणजे प्रत्येक घराने वेगळे यंत्र बसवण्याची गरज उरू नये. जर्मनीच्या कायद्याने पाणी पुरवणाऱ्यावर बंधन घातले आहे की, आपल्या पाण्याची कठीणता मृदू, मध्यम की कठीण यांपैकी कोणत्या वर्गात मोडते, हे वर्षातून किमान एकदा ग्राहकाला कळवलेच पाहिजे. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर प्रत्येक वर्गासाठी किती मात्रा घ्यावी हे छापलेले असते. तेथला नागरिक आपल्या पाण्याचा वर्ग ओळखून साबण मोजतो. आमच्या नागरिकाला, तो ज्याचे बिल भरतो त्या पाण्यात काय आहे, एवढा एक आकडा देखील कोणी सांगत नाही. आकडा सांगितला की प्रश्न विचारला जातो, म्हणून आकडाच सांगायचा नाही.

कोणी म्हणेल की देशात माणसे तहानेने तडफडत असताना गिझरचे दुःख कसले मांडता? या प्रश्नाला आम्ही डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देतो. दुष्फेन पाणी विष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणास्तव कोणतीही मर्यादा घातलेली नाही, आणि आम्ही भीती विकून वाचक जमवत नाही. पण ते कोणाला मारत नाही, नेमक्या याच कारणाने त्याची दखल कोणी घेत नाही, हा आमचा आरोप आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या समाविष्ट गावांत, गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळले, तेव्हा विहिरी, टँकर आणि खाजगी आरओ केंद्रे यांच्या पाण्याचे नमुने घ्यायला यंत्रणा धावली. तोवर तिला हे सुचले नव्हते. माणसे अतिदक्षता विभागात जाईपर्यंत ज्या व्यवस्थेला आपल्या हद्दीतल्या विहिरींची आठवण होत नाही, ती दगडाचे मोजमाप कशाला ठेवील? गाळ, जंतू, क्षार हे तीन वेगळे शत्रू आहेत, परंतु तिघांना आत घेणारे दार एकच आहे: न तपासलेले, कोणाच्याच जबाबदारीचे नसलेले पाणी.

आणि हे दुःख केवळ सदनिकाधारकाचे आहे, हा समजही खोडून काढला पाहिजे. ज्याच्या घरी गिझर नाही त्याच्या घरीही साबण आहे, चूल आहे, डाळ आहे. मराठवाड्यातल्या वाडीवर बोअरच्या पाण्याने धुणे बडवणाऱ्या बाईला दुप्पट साबण लागतो, आणि तिच्यासाठी साबणाची वडी हा हिशेबाचा विषय असतो. शहरातला माणूस जळलेली कॉईल बदलतो, तिला तिचे राठ झालेले हात बदलता येत नाहीत. महाराष्ट्राने भूजलाचा कायदा २००९ साली केला, तो २०१४ मध्ये अमलात आला. त्यात विहिरींच्या मालकांच्या नोंदणीची आणि बोअर मारणाऱ्या यंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे. कागदावर महाराष्ट्र अग्रेसर आहे. जमिनीवर मात्र टँकर कोणत्या विहिरीवर भरला आणि त्या विहिरीचे पाणी शेवटी कधी तपासले, हे सोसायटीच्या चौकीदाराला ठाऊक नसते आणि पालिकेच्या अभियंत्यालाही नसते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत, आणि त्यांतली एकही असाध्य नाही. प्रत्येक प्रभागातल्या पाण्याची कठीणता दर तीन महिन्यांनी मोजून जाहीर करा आणि ती मिळकतकराच्या बिलावर छापा. प्रत्येक टँकरला त्याच्या स्रोताचा दाखला आणि त्या स्रोताच्या तपासणीचा अहवाल सोबत बाळगण्याची सक्ती करा. महारेराकडे प्रकल्प नोंदवताना विकासकाने पाणी कोठून येणार आणि ते किती कठीण आहे हे जाहीर केल्याखेरीज त्याला एकही सदनिका विकू देऊ नका. पाण्याची हमीपत्रे फायलींतून बाहेर काढा, ती जनतेसाठी खुली करा, आणि ज्यांनी ती मोडली त्यांच्याकडून टँकरचा खर्च वसूल करा. वसुली होईपर्यंत त्यांच्या नव्या नकाशांवर सही करू नका. समाविष्ट गावांना धरणाचे पाणी कोणत्या तारखेला मिळणार ते लेखी सांगा, आणि तोवर जे थोडे धरणाचे पाणी तेथे पोहोचते ते बोअरच्या पाण्यात मिसळून कठीणता २०० च्या आत कशी आणता येईल, याचा आराखडा करा. गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याबरोबर साठवण्याचीही सक्ती करा. ते फुकट मिळणारे मृदू पाणी दर पावसाळ्यात गटारात वाहून जाते.

आता वाचकांशी दोन शब्द, कारण शासन जितके दोषी तितकी आपली सहनशीलता. याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य गणलेल्यांना खुला केला, तेव्हा पाणी हा कोणाच्या मर्जीचा विषय राहता कामा नये, हा धडा या शहराला मिळाला होता. तो मोठा लढा होता आणि त्याच्या तुलनेत आमचे गाऱ्हाणे लहान आहे, हे आम्ही जाणतो; पण हक्क विसरण्याची सवय लहान गोष्टींपासूनच लागते. आपण सॉफ्टनरची वर्गणी काढतो, कॉईल बदलतो, लिंबू घासतो, चौथ्या शिट्टीनंतर सोडा टाकतो, आणि या प्रत्येक तडजोडीने आपण अपराध्याला निर्दोष ठरवत जातो.

म्हणून पुढच्या वेळी कारागीर गिझर उघडील तेव्हा त्या कपच्या कचऱ्यात टाकू नका. पिशवीत भरा. वाण्याच्या तराजूवर तोला. चिठ्ठीवर गावाचे नाव, सोसायटीचे नाव, किती महिन्यांत इतके साचले ते आणि भरलेल्या मिळकतकराचा आकडा लिहा. एका घराची पिशवी हास्यास्पद वाटेल. दोनशे घरांनी दोनशे पिशव्या एकाच सकाळी क्षेत्रीय कार्यालयाच्या टेबलावर ठेवल्या, तर ते टेबल मोडेल, आणि त्याबरोबर 'भूगर्भच तसा आहे' हे उत्तरही मोडेल. ज्यांनी नळाचे वचन दिले, कर घेतला आणि दगड पाठवला, त्यांच्या दारात तो परत गेला पाहिजे.

तो दगड आपला नाही. त्यांचा आहे.